मोबदल्यापलीकडील रेषा

सकाळी दंतमंजनाची नळी हाती घेतल्यापासून रात्री उशाशी ठेवलेले पुस्तक मिटेपर्यंत शहरातला मनुष्य शेकडो आरेखने पाहत असतो; परंतु त्यांपैकी एकाच्याही कर्त्याचे नाव त्याला बहुधा ठाऊक नसते. कवितेखाली कवीचे नाव असते, चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. औषधाच्या खोक्यावर, आगगाडीच्या वेळापत्रकावर अथवा बँकेच्या बोधचिन्हावर मात्र कोणाचीच सही नसते. या निनावी कारागिराला आपल्याकडे पूर्वी जाहिरात-चित्रकार म्हणत. पुढे उपयोजित कलावंत म्हणू लागले. आज त्याला सर्रास ग्राफिक डिझायनर म्हणतात. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यापारी कलेचा विभाग निघाला आणि हा व्यवसाय आपल्याकडे रीतसर शिकवला जाऊ लागला.

अक्षर, रेषा, रंग आणि मोकळी जागा या चार साधनांनी दुसऱ्याचे म्हणणे तिसऱ्यापर्यंत पोचवणे, अशी या व्यवसायाची साधी व्याख्या करता येईल. व्याख्येतील ‘दुसऱ्याचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साबण दुसऱ्याचा, दुकान दुसऱ्याचे, पैसाही दुसऱ्याचा. काय सांगायचे हे गिऱ्हाईक ठरवते. कसे सांगायचे एवढाच काय तो या कलावंताचा प्रांत, आणि त्यातही अखेरची मान्यता गिऱ्हाइकाचीच. यात कमीपणा काही नाही. गवंडी दुसऱ्याचे घर बांधतो आणि शिंपी दुसऱ्याच्या अंगाचा कपडा शिवतो. परंतु ज्याच्या हाती लोकांचे लक्ष वेधण्याची विद्या आहे, त्याला स्वतःला काही सांगावेसे वाटले, तर त्याने काय करावे? आणि ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे पण पदरी पैसा नाही, त्यांच्यासाठी ही विद्या कोणी राबवावी? या दोन प्रश्नांतूनच मोबदल्यापलीकडच्या कामाचे दोन प्रवाह निघतात. एक स्वान्तःसुखाय केलेल्या कामाचा. दुसरा सेवाभावाने केलेल्या कामाचा.

पहिल्या प्रवाहाचे उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधावे लागत नाही. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) हे मुखपृष्ठांचे आणि कथाचित्रांचे चित्रकार म्हणून घरोघरी पोचले होते. प्रकाशक पुस्तक देई, दलाल त्याला चेहरा देत. मागणी एवढी होती, की नुसत्या मुखपृष्ठांवरही एखाद्याचे आयुष्य सुखाने गेले असते. तरीही १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा वार्षिक अंक सुरू केला. त्या अंकात चित्र हे मजकुराच्या आधाराने उभे राहणारे उपांग नव्हते. चित्राला तेथे स्वतंत्र पान होते, स्वतंत्र मान होता. कोणता लेखक घ्यावा, कोणता रंग कुठे वापरावा आणि छपाई किती नेटकी असावी, हे सांगणारे गिऱ्हाईक तेथे नव्हते. अंकाचे यश आणि अपयश, दोन्ही चित्रकाराच्या माथी होते. मराठी दिवाळी अंकाच्या देखणेपणाला जे वळण लागले, त्यात या स्वतःसाठी मांडलेल्या उद्योगाचा वाटा मोठा आहे. स्वान्तःसुखाय केलेले काम केवळ हौस राहत नाही, व्यवसायाची पातळीही ते वर उचलते, याचे हे चांगले प्रमाण होय.

दुसऱ्या प्रवाहाचे, म्हणजे सेवेच्या कामाचे, सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडातले आहे. ते सविस्तर पाहण्याजोगे आहे. कारण त्यातील चिन्ह जगभर परिचित असूनही त्याच्या कर्त्याचे नाव क्वचितच कोणी जाणतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने स्वतःची अण्वस्त्रे तयार केली आणि १९५७ साली प्रशांत महासागरात हायड्रोजन बाँबच्या चाचण्या घेतल्या. त्या देशातील अनेक विचारी माणसे या मार्गाने अस्वस्थ झाली. त्यांपैकी काहींनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला होता. १९५२ साली ‘ऑपरेशन गांधी’ या नावानेच एका छोट्या गटाने लंडनच्या युद्ध कचेरीसमोर बैठा सत्याग्रह केला होता. ‘पीस न्यूज’ या पत्राचे संपादक ह्यू ब्रॉक हे त्या गटातले. पुढे याच विचाराच्या मंडळींनी अण्वस्त्रविरोधी प्रत्यक्ष कृती समिती स्थापन केली, आणि १९५८ च्या ईस्टरमध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकापासून ऑल्डरमास्टन येथील अण्वस्त्र संशोधन केंद्रापर्यंत, म्हणजे सुमारे ५२ मैल, चार दिवसांची पदयात्रा काढण्याचे ठरवले.

या मंडळींपाशी जेराल्ड होल्टम (१९१४–१९८५) नावाचा एक व्यावसायिक आरेखनकार आला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा तो पदवीधर. महायुद्धात सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास त्याने नकार दिला होता आणि नॉर्फक परगण्यात शेतीचे काम पत्करले होते. पदयात्रेला नुसते घोषणाफलक पुरणार नाहीत, तिला एक दृश्य खूण हवी, हे त्याने ओळखले. प्रथम वर्तुळात ख्रिस्ती क्रूस घ्यावा असा विचार त्याच्या मनात होता. परंतु निषेधाच्या यात्रेत क्रूस वापरण्याची कल्पना काही धर्मगुरूंना रुचली नाही, आणि धर्मयुद्धांच्या इतिहासामुळे त्यालाही ती खटकू लागली. मग त्याने निराळी वाट धरली. हातात दोन निशाणे घेऊन दुरून संदेश देण्याची नाविकांची एक खूणलिपी आहे. तिला सेमाफोर म्हणतात. तीत ‘एन’ या अक्षरासाठी दोन्ही हात तिरपे खाली धरतात, आणि ‘डी’ या अक्षरासाठी एक हात सरळ वर व दुसरा सरळ खाली. अण्वस्त्र-निःशस्त्रीकरण या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची, ‘न्यूक्लिअर डिसआर्मामेंट’ यांची, ही आद्याक्षरे. होल्टमने ती एकावर एक ठेवली आणि भोवती वर्तुळ काढले. २१ फेब्रुवारी १९५८ रोजी हे आरेखन समितीपुढे आले आणि स्वीकारले गेले.

हा झाला चिन्हाचा तांत्रिक भाग. पण होल्टमने पुढे ह्यू ब्रॉक यांना लिहिलेल्या पत्रात आणखी एक उगम सांगितला. तो त्या काळी पराकाष्ठेचा निराश झाला होता. हात बाहेर आणि खाली पसरून हताशपणे उभा असलेला मनुष्य त्याने रेखाटला. तो मनुष्य म्हणजे तो स्वतःच होता. स्पॅनिश चित्रकार गोया याच्या, बंदूकधारी तुकडीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याची आठवण त्याने या संदर्भात दिली आहे. गंमत अशी, की १८१४ सालच्या त्या चित्रात शेतकऱ्याचे हात खाली नसून वर उंचावलेले आहेत. होल्टमच्या स्मृतीने ते खाली आणले. निराशेने डोळ्यांपुढची प्रतिमाच बदलून टाकावी, ही गोष्ट त्याच्या मनःस्थितीविषयी पुष्कळ सांगून जाते.

पदयात्रेसाठी काठीवर बसवलेल्या पुठ्ठ्याच्या ५०० गोल चकत्या तयार झाल्या. निम्म्या पांढऱ्यावर काळ्या, निम्म्या हिरव्यावर पांढऱ्या. गुड फ्रायडे व शनिवारी काळ्या-पांढऱ्या मिरवायच्या. ईस्टरचा रविवार उजाडताच हिरव्या बाहेर काढायच्या. हिवाळ्याकडून वसंताकडे, मृत्यूकडून जीवनाकडे असा तो संकेत होता. याच चळवळीतील एरिक ऑस्टिन याने पांढऱ्या मातीचे बिल्ले भट्टीत भाजून त्यांवर काळ्या रंगात हे चिन्ह उमटवले. अणुयुद्ध झालेच, तर त्या आगीतून मनुष्याच्या ज्या मोजक्या वस्तू वाचतील त्यांत हे मातीचे बिल्ले असतील, अशी सूचना देऊन ते वाटले जात. बोलण्यात आवेश नाही, आक्रोश नाही. पण बिल्ला हातात घेणाऱ्याच्या अंगावर शहारा यावा असे ते वाक्य होते.

हे चिन्ह एवढे का पसरले, याचा विचार केला म्हणजे आरेखनशास्त्राचा एक धडा हाती येतो. एक वर्तुळ, एक उभी रेषा आणि दोन तिरप्या, एवढेच त्याचे अवयव. लहान मूलही खडूने ते भिंतीवर काढू शकते. रंग लागत नाही, छापखाना लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. रेषा थोडी वाकडी गेली तरी अर्थ ढळत नाही. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीचे पुढारी बेयार्ड रस्टिन १९५८ च्या या यात्रेस उपस्थित होते. अशा मार्गांनी चिन्ह अटलांटिक ओलांडून गेले आणि पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उठलेल्या तरुणांनी ते आपले मानले. अण्वस्त्रांच्या विरोधाची खूण होती ती शांततेचीच खूण होऊन बसली.

होल्टमने अथवा चळवळीने या चिन्हावर कधी मालकी हक्क सांगितला नाही. ते सर्वांचे राहावे, हाच हेतू होता. त्याचे फळ दुहेरी मिळाले. ज्याला ज्याला अन्यायाविरुद्ध उभे राहायचे होते त्याला ते फुकट मिळाले. आणि ज्याला कानातले डूल व सदरे विकायचे होते त्यालाही ते फुकटच मिळाले. उघड्या विहिरीवर तहानलेलाही येतो आणि पाणी विकणाराही येतो. म्हणून विहीर बुजवावी असे मात्र कोणी म्हणणार नाही. स्वतः होल्टमला उत्तरायुष्यात खंत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. खाली झुकलेल्या त्या दोन रेषा त्याला निराशेच्या वाटू लागल्या. त्या वर उचललेल्या असाव्यात, शांतता ही उत्सवाची गोष्ट आहे, असे त्याचे मत झाले. पण तोवर चिन्ह त्याचे उरले नव्हते. देऊन टाकलेली वस्तू दुरुस्तीसाठीही परत घेता येत नाही, हे सेवेच्या कामाचे एक कठोर सत्य आहे.

याच चळवळीसाठी पुढे भित्तिपत्रके करणारा केन गार्लंड (१९२९–२०२१) याने या वैयक्तिक प्रश्नाला व्यवसायाच्या प्रश्नाचे रूप दिले. गार्लंड खेळण्यांच्या कंपनीचे काम करी, पोट त्यावर भरे, आणि अण्वस्त्रविरोधी चळवळीसाठीही राबे. २९ नोव्हेंबर १९६३ रोजी लंडनमध्ये आरेखनकारांची एक सभा भरली असता त्याने तेथेच बसून एक लहानसे निवेदन लिहिले आणि वाचून दाखवले. ‘आधीच्या गोष्टी आधी’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक. जानेवारी १९६४ मध्ये २२ जणांच्या सह्यांनिशी त्याच्या ४०० प्रती निघाल्या. मांजरांचे खाद्य, धुण्याची पूड, दातांची पेस्ट असल्या वस्तू खपवण्यातच या व्यवसायाची बुद्धी आणि श्रम खर्ची पडत आहेत. उलट रस्त्यावरच्या पाट्या, पुस्तके, वापरण्याच्या सूचना, शैक्षणिक साधने यांकडे चांगला हात वळत नाही, अशी त्यातील मुख्य तक्रार होती. जाहिरात बंद करा, असे त्याने म्हटले नव्हते; ते शक्य नाही हे त्याने स्पष्टच मान्य केले होते. त्याचे म्हणणे अग्रक्रमापुरते होते. खासदार टोनी बेन यांनी ते उचलून धरले, ‘गार्डियन’ पत्रात त्याला प्रसिद्धी मिळाली, आणि २००० साली नव्या पिढीच्या आरेखनकारांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. वर्तमानपत्रात नाव येईल म्हणून नव्हे, तर रुग्णालयात नवख्या माणसाला योग्य दार सापडावे म्हणून केलेली पाटी हीही समाजसेवाच आहे, हा विचार त्या चार परिच्छेदांनी रुजवला.

तिसरे उदाहरण अमेरिकेचे. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. गुन्हेगारीमुळे लोक तेथे जायला कचरत. १९७७ साली राज्य सरकारने पर्यटनाच्या प्रचाराची मोहीम आखली आणि तिच्यासाठी मिल्टन ग्लेझर (१९२९–२०२०) याने बोधचिन्ह करून दिले. त्याची पहिली कल्पना मंजूरही झाली होती. पण टॅक्सीतून जात असता त्याला तीहून चांगली सुचली आणि पाकिटाच्या एका तुकड्यावर लाल खडूने त्याने ती टिपून घेतली. ‘मी’ या अर्थाचे एक इंग्रजी अक्षर, ‘प्रेम करतो’ या शब्दांऐवजी एक लाल हृदय, आणि शहराच्या नावाची दोन आद्याक्षरे. हे काम त्याने आपल्या गावासाठी म्हणून विनामूल्य केले. तो तुकडा आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

पण येथे होल्टमहून वेगळे घडले. चिन्हाची मालकी राज्याकडे गेली. ते वापरायचे तर परवाना घ्यावा लागतो आणि त्याचे शुल्क राज्याला मिळते. म्हणजे ग्लेझरच्या दानाचे सार्वजनिक धन झाले आणि त्याची राखणही झाली. मात्र कर्त्याचा स्वतःचा हातही त्याबरोबर बांधला गेला. २००१ च्या सप्टेंबरात जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा ग्लेझरने हृदयाच्या खालच्या कोपऱ्यात एक काळसर डाग दाखवला आणि ‘पूर्वीपेक्षाही अधिक’ अशा अर्थाचे शब्द जोडले. जखमी माणसावर अधिकच माया जडावी, तसा तो भाव होता. वर्तमानपत्राने ते छापले, कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रके गावभर लावली, आणि लोकांनी ती मनापासून स्वीकारली. कायद्याने चिन्ह राज्याचे होते. दुःखाच्या त्या घडीला ते पुन्हा चित्रकाराचे आणि नगरजनांचे झाले.

इंग्लंड-अमेरिकेची ही उदाहरणे पाहून आपल्याकडे असे काय आहे, असा प्रश्न साहजिकच उठेल. आपल्याकडची सर्वांत मोठी सेवा चिन्हांपेक्षा अक्षरांच्या क्षेत्रात झाली आहे. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८), हे जे. जे.मध्ये शिकलेले आणि जाहिरात व्यवसायात नाव मिळवलेले कलावंत. त्यांच्या मनाची ओढ मात्र अक्षराकडे. अक्षराच्या आकारातून आणि मांडणीतूनच अर्थ उभा करणाऱ्या कविता त्यांनी रचल्या. सुलेखनाचा ध्यास घेतला. पुढे पवईच्या आय. आय. टी.मध्ये विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. संगणक आला तेव्हा देवनागरीपुढे बिकट प्रश्न उभा राहिला. रोमन अक्षरे एकामागून एक ओळीने बसतात. आपल्या लिपीत मात्रा वर जाते, उकार खाली उतरतो, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते पण लेखनात पुढे बसते, आणि जोडाक्षरात व्यंजने एकमेकांच्या अंगावर चढतात. ही सारी घडण संगणकाला समजेल अशा रीतीने बांधायची, आणि तरी अक्षराचे वळण हरवू द्यायचे नाही, हे काम ज्यांनी केले त्यांत जोशी अग्रभागी होते. विंडोज २००० या प्रणालीबरोबर घरोघरी आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या देखरेखीखाली तयार झाला. तमिळ, गुजराती, कन्नड, तेलुगू, पंजाबी, मलयाळम, बंगाली या लिप्यांचे टंकही त्या कामात आले. ‘मंगल’ हे नोकरीच्या चौकटीत झालेले काम होते हे खरे. पण वर्षानुवर्षे कोणी न सांगता केलेल्या अक्षरसाधनेवाचून ते झाले नसते. स्वान्तःसुखाय प्रवाह सार्वजनिक प्रवाहाला कोठे मिळतो, ते येथे दिसते.

आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या आरेखनकारांच्या गटाचा ‘मुक्ता’ हा टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. खेड्यातल्या शाळेचे हस्तलिखित मासिक छापायचे असो, की बेळगाव, बडोदे, इंदूर अथवा हैदराबाद येथील महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका. एक पैसाही न देता नीटस अक्षरे मिळू शकतात. लिपी सर्वांची आहे, तेव्हा तिचे चांगले टंकही सर्वांना मिळाले पाहिजेत, या भूमिकेला त्यातून बळ मिळते.

या विषयाची दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. विनामूल्य काम आणि फुकटात करवून घेतलेले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात देणाऱ्याची इच्छा असते. दुसऱ्यात घेणाऱ्याची चतुराई असते. बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह अशाच स्पर्धेतून निवडले गेले. ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे. चष्म्याच्या दोन काचांत दोन शब्द बसवण्याची ती कल्पना इतकी समर्पक होती, की पोस्टाच्या पाकिटापासून रेल्वेच्या डब्यापर्यंत ती सहज रुळली. नागरिकाला राष्ट्रकार्यात भाग घेण्याची संधी मिळते, हा स्पर्धेचा गुण खरा. पण एकाची निवड होते तेव्हा बाकीच्या सर्वांचे श्रम वाया जातात, हेही तितकेच खरे. धनवान संस्थेने ही वाट धरली, तर तिला स्पर्धा म्हणावे की काटकसर, याचा विचार व्हावयास हवा.

अनुभवी आरेखनकार म्हणूनच सेवेच्या कामालाही काही पथ्ये पाळतात. काम फुकट असले तरी हेतू लेखी घ्यावा. निर्णय देणारी व्यक्ती एकच असावी, कारण दहा जणांच्या समितीत चांगली रेषा टिकत नाही. मुदत आणि दुरुस्त्यांची मर्यादा आधीच ठरवावी. तयार झालेल्या वस्तूची मालकी कोणाकडे राहील हे आरंभीच बोलून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धर्मादाय कामाला उरलेला वेळ आणि शिळी कल्पना देऊ नये. रक्तपेढीचे भित्तिपत्रक वाईट निघाले, तर नुकसान चित्रकाराच्या कीर्तीचे होत नाही. जो मनुष्य रक्त द्यायला आला असता आणि आला नाही, त्याच्या अभावी खाटेवर पडलेल्या रोग्याचे होते.

बाजाराने विकत घेतलेले आरेखन वस्तू विकली गेली की संपते. वर्षादोनवर्षांत वेष्टन बदलते, जुने रद्दीत जाते, आणि ज्याने ते केले त्यालाही त्याची आठवण राहत नाही. होल्टमच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांना कोणी किंमत दिली नव्हती. त्या चार दिवसांच्या वाटचालीत भिजल्या, वाकल्या, मोडल्या. चिन्ह मात्र उरले. कारण ते पाहणाऱ्या माणसाला काही विकत घे असे ते सांगत नव्हते, उठून उभा राहा असे सांगत होते. या व्यवसायाची विद्या दोन्ही गोष्टी करू शकते. आठवड्याचे किती दिवस पहिलीला द्यायचे आणि किती तास दुसरीसाठी राखायचे, हा हिशेब ज्या त्या आरेखनकाराने स्वतःच्या मनाशी करायचा असतो. तो कोणतेही गिऱ्हाईक त्याच्यासाठी करून देत नाही.